पंधरा-वीस हजारात जुनी स्प्लेंडर दुरुस्त होऊन उभी होईल का?

होईल भाऊ, पण पाना उचलण्याआधी आरसीवरचा चेसिस नंबर गाडीशी जुळवा. 15 वर्षं उलटली असतील तर नोंदणी नूतनीकरणाचा खर्चही धरा.

इंजिन उघडायची घाई नको. गरम गाडी रेटल्यावर सतत निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) गेले. सकाळी चालू करताना एक भपका येऊन थांबत असेल तर बहुतेक वाल्व्ह सील (वाल्व्हपाशी तेल अडवणारं रबर) गेलं, म्हणजे स्वस्तात सुटलात. बोअर करायचाच झाला तर नवा पिस्टन सोबत घेऊनच लेथवाल्याकडे जा, त्याच्याच मापानं बोअर होतो.

ब्रेक शू, टायर, चेन-स्प्रॉकेटमध्ये मात्र काटकसर नको; मागं युरियाची 45 किलोची थैली बांधून पांदण रस्त्यानं हीच गाडी जाणार आहे ना! रंगाचं काय ते कापूस विकल्यावर बघा.