गेमिंग लॅपटॉप फार तापतो. परफॉर्मन्स फारसा न गमावता थंड कसा ठेवायचा?

विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ टक्क्यांवर आणा आणि गेममध्ये एफपीएसला (दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांच्या संख्येला) मर्यादा घाला. ९९ केलं की प्रोसेसरचा टर्बो बूस्ट, म्हणजे गरजेनुसार मूळ वेगाच्या वर जाण्याची सोय, बंद होतो. वरचा शेवटचा वेग गाठायला प्रोसेसर व्होल्टेज वाढवतो आणि वीज साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च होते, म्हणजे थोडक्या वेगासाठी भरमसाट उष्णता. बरेचसे गेम ग्राफिक्स कार्डावर अडलेले असतात, त्यामुळे तो वेग गेल्याचं सहसा जाणवतही नाही. स्क्रीन १४४ हर्ट्झची असेल, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रंच दाखवत असेल, तर २०० एफपीएससाठी कार्ड तापवू नका. लॅपटॉपची मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचला, कारण बहुतेकांचे पंखे हवा खालून ओढतात. गादीवर ठेवून तर अजिबात खेळू नका.

मात्र स्ट्रॅटेजी किंवा सिम्युलेशनसारख्या, प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या गेममध्ये टर्बो बंद केल्यावर एफपीएस नक्की घसरतील. तिथे अंडरव्होल्टिंग, म्हणजे वेग तोच ठेवून प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करणं, जास्त चांगलं. पण २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट ही सुरक्षेतली त्रुटी उघड झाल्यापासून अनेक इंटेल लॅपटॉपांत ती सोय बायोसमधूनच (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधूनच) बंद केलेली असते, ते आधी तपासा.