चौथा महिना लागला, आता फाइल तू सांभाळ

प्रिय बाळा,

तुझा निरोप मिळाला. तुझ्या गरोदर बायकोच्या उलट्या थांबल्या, ती पोटभर जेवायला लागली, आता काळजी नाही ना, असं विचारलंयस. तिला आराम पडला हे वाचून जीव भांड्यात पडला. पण हे निवांत होण्याचे दिवस नव्हेत. आरोग्यसेविका म्हणून घरोघर फिरताना मी एकच गोष्ट सारखी पाहिली. पहिल्या तीन महिन्यांत सगळं घर धास्तावलेलं असतं, नववा लागला की सगळं घर जागं असतं, आणि मधल्या या बऱ्या दिवसांत तपासणी ‘पुढच्या आठवड्यात जाऊ’ म्हणत राहून जाते. जी कामं नंतर करून चालत नाहीत, त्यातली बरीचशी नेमकी याच दिवसांतली असतात.

आधी एक हिशेब नीट लावून घे. तुझी आई म्हणते चौथा लागला, डॉक्टर म्हणतात १५ आठवडे. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. तपासण्यांच्या तारखा आठवड्यांवर ठरतात, म्हणून तूही आठवडेच लक्षात ठेव.

तिच्या अंगात आता बदल होतील, ते पाहून घाबरू नकोस. झटकन उठली किंवा कूस बदलली की ओटीपोटाच्या एका बाजूला कळ येईल. गर्भाशयाला धरून ठेवणारे बंध ताणले जातात, त्याची ती कळ. या काळात रक्तदाब थोडा खाली येतो, त्यामुळे एकदम उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. सकाळी आधी पलंगावर बसायचं, मग उठायचं. दात घासताना हिरड्यांतून रक्त येणं, नाक चोंदणं, कपाळावर वांग, बेंबीखाली काळी रेघ, हे सगळं नेहमीचंच. पांढरं जाणंही थोडं वाढतं. त्याला वास आला, खाज सुटली किंवा लघवीला जळजळ झाली तर मात्र दाखवायचं. लघवीच्या जंतुसंसर्गाकडे दुर्लक्ष केलं तर त्यातून वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात.

आता गोळ्यांचं. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण आपल्याकडे बाळंतपणात बाईच्या जिवावर बेतण्यामागे रक्त कमी असणं हे मोठं कारण आहे. तिचं हिमोग्लोबिन किती आहे हे तुला पाठ हवं. ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली म्हणजे दवाखान्यात डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपचार. सरकारी दवाखान्यात आता रोज एक लाल गोळी सुरू होते. तिच्यात ६० मिलीग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक ॲसिड असतं, आणि ती निदान १८० दिवस घ्यायची. कॅल्शियमच्या गोळ्या दिवसातून दोन, त्याही १४ आठवड्यांनंतर. दोन्ही एकदम घेतल्या तर लोह अंगी लागत नाही, म्हणून मध्ये निदान दोन तासांचं अंतर. चहाचंही तसंच. आपल्या घरात जेवण झालं की कपभर चहा आणि त्याच चहाबरोबर गोळी, असं चालतं. ती गोळी बरीचशी वाया जाते. लिंबूपाण्याबरोबर दे. शौचाला काळं होईल, पोट घट्ट राहील, आणि ती एक दिवस म्हणेल, नको मला ही गोळी. तेव्हा रागावू नकोस. रात्री झोपताना देऊन बघ, पाणी आणि पालेभाजी वाढव, तरी जमेना तर सिस्टरला सांग, गोळी बदलून मिळते. याच तिमाहीत जंताची एक गोळीही देतात, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचा दुसरा डोस पहिल्यानंतर चार आठवड्यांनी असतो. तिच्या तपासणीच्या कार्डावर दोन्हींची नोंद झाली का, ते स्वतः बघ.

दुसरं मोठं काम म्हणजे १८ ते २० आठवड्यांमधली सोनोग्राफी. बाळाचं डोकं, पाठीचा कणा, हृदयाचे कप्पे, मूत्रपिंडं, हातपाय, वार (नाळेने बाळाला जोडलेली, त्याला पोसणारी) कुठे आहे, हे सगळं तेव्हा नीट दिसतं. बहुतेकांचा अहवाल चांगलाच येतो. पण काही शंका निघालीच तर पुढच्या तपासणीला, दुसऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याला वेळ लागतो, आणि गर्भपाताचा कायदा २० आठवड्यांनंतर कडक होत जातो. २४ आठवड्यांनंतर तर बाळात गंभीर दोष असेल तरच, आणि तेही वैद्यकीय मंडळापुढे जाऊन. म्हणून आजच तारीख घे आणि त्या दिवसाची सुट्टी टाक. तिला एकटीला पाठवू नकोस.

तिथे मुलगा की मुलगी हे विचारायचं नाही, सूचकपणेही नाही, आईने कितीही आग्रह केला तरी नाही. गर्भलिंग तपासणीविरुद्धचा कायदा देशात सगळ्यात आधी आपल्या महाराष्ट्राने १९८८ साली केला, देशाचा १९९४ मध्ये आला. त्या कायद्यात एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. अशी तपासणी झालीच तर बाईवर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी जबरदस्ती केली असंच न्यायालय गृहीत धरतं. तसं नव्हतं हे त्यांनी सिद्ध करायचं. म्हणजे कायदाही आधी तुलाच विचारणार आहे.

बाळ हललेलं तिला पहिलटकरीण म्हणून १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास कळेल. आधी पोटात बुडबुडा फुटल्यासारखं वाटतं, कित्येकींना तो गॅसच वाटतो. वार पुढच्या बाजूला असेल तर आणखी उशिरा. तुझ्या हाताला लागायला त्यानंतरही काही आठवडे जातात, तेव्हा तिला रोज विचारून भंडावू नकोस.

तू विचारलं नाहीस, पण नवी जोडपी हे विचारायला लाजतात म्हणून लिहिते. रक्त जात नसेल, वार खाली नसेल आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर शरीरसंबंधाने बाळाला इजा होत नाही. तिची इच्छा असेल तरच, हे सांगायला नको.

जेवणाबाबत तुझी आई ‘दोन जिवांचं खा’ म्हणेल. आता दिवसाला साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात. एक भाकरी आणि वाटीभर उसळ वाढली की तेवढं भरतं. केशराने बाळ गोरं होत नाही. पिकली पपई चालते, कच्ची नको. ग्रहणात तिला उपाशी अंधारात बसवू देऊ नकोस. इथे तुला आईशी बोलावं लागेल, आणि ते तूच बोलायचं, सुनेच्या तोंडी द्यायचं नाही. डोहाळेजेवण मात्र आईच्या मनासारखं होऊ दे.

तुम्ही चाकणला भाड्याने राहता, म्हणून जवळच्या सरकारी दवाखान्यात नाव घातलं नसेल तर घाल. खासगी डॉक्टर असले तरी घाल. दर महिन्याच्या ९ तारखेला तिथे गरोदर बायांची मोफत तपासणी असते, आशाताईंचा नंबर मिळतो, आणि पहिल्या खेपेला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५००० रुपये दोन हप्त्यांत मिळू शकतात, अटी तिथे विचार. ती नोकरी करते, तिची २६ आठवड्यांची रजा कधीपासून घ्यायची ते कंपनीशी आत्ताच बोलून ठेवा. तुझ्या रजेचंही विचार; खासगी कंपनीवर बापाला रजा देण्याची कायद्याने सक्ती नाही, त्यामुळे आधी सांगितलं तरच जमेल.

रक्त दिसलं, अंगावरून पाणी गेलं, पोटात थांबून थांबून कळा आल्या, थंडी वाजून ताप आला, किंवा २० आठवड्यांनंतर डोकं फार दुखून डोळ्यांपुढे धूसर झालं, तर सकाळची वाट बघायची नाही. गाडी नसेल तर १०८ लाव. फाइल आणि कार्ड दाराजवळच्या पिशवीत ठेव, तिचा रक्तगट तुझ्या फोनमध्ये लिहून ठेव. तो निगेटिव्ह असेल तर तुझाही तपासून घे आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना इंजेक्शनबद्दल विचार.

तिचं हिमोग्लोबिन किती आलं ते मला कळव.

तुझी,
सिस्टर मावशी