चार महिने जगणारा तेरडा 'वर्षायू' कसा?

प्रश्न असा आला आहे : रानातला तेरडा जूनमध्ये उगवतो आणि ऑक्टोबर सरता सरता वाळतो. मग त्याला 'वर्षायू' (म्हणजे एका वर्षात आयुष्य संपवणारी वनस्पती, इंग्रजीत annual) का म्हणायचं? 'वार्षिक' किंवा 'हंगामी' बरं नाही का?

मला 'वर्षायू'च हवा. 'वार्षिक' म्हणजे दरवर्षी होणारं : वार्षिक परीक्षा, वार्षिक सभा. त्या अर्थाने सह्याद्रीच्या सड्यांवरची, म्हणजे कातळाच्या पठारांवरची, दीपकाडीही वार्षिकच, पावसाळ्याच्या तोंडावर दरवर्षी फुलते. पण तिचा कंद मातीखाली जिवंत असतो. गेल्या वर्षीचीच दीपकाडी पुन्हा डोकं वर काढते. तेरड्याचं तसं नाही. यंदाचा तेरडा हे गेल्या वर्षीच्या तेरड्याचं पोर, आईबाप केव्हाच वाळून गेलेले. 'हंगामी'तही हा फरक येत नाही.

राहिला चार महिन्यांचा आक्षेप. संस्कृतात 'वृष्' म्हणजे बरसणे आणि 'वर्ष' म्हणजे पाऊसही, सालही. 'वर्षाव'मध्ये पावसाचा अर्थ अजून ओला आहे. 'तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत' म्हणताना आपणही सालं पावसानेच मोजतो. (हा 'पाऊस'सुद्धा 'प्रावृष्'वरून आलेला, म्हणजे त्याच 'वृष्'च्या घरातला!) तेव्हा वर्षायू म्हणजे एका पावसाचं आयुष्य असलेला, असंही वाचता येतं, आणि मला ते फार आवडतं.

सडा पाहिला की हे पटतं. उघडा कातळ, त्यावर जेमतेम बोटभर माती. पहिल्या सरींवर बी रुजतं, श्रावण-भाद्रपदात सगळं गुलाबी होतं, मग पिकलेली बोंडं नुसत्या स्पर्शाने फुटून बी उडवतात. पाऊस थांबला की ती माती तापते आणि मुळांना खोल जायला वाव नसतो. तगायचं तर बी होऊनच. ते बी पुढच्या पावसापर्यंत पडून राहतं. तेही आयुष्यात धरलं तर वर्ष पुरं भरतं.

संस्कृतात अशा वनस्पतींना 'ओषधी' म्हणत : 'ओषध्यः फलपाकान्ताः', फळ पिकलं की ज्यांचा अंत होतो त्या. व्याख्या सुरेख आहे, पण सात वर्षांनी एकदाच फुलून मरणारी कारवीही तीत बसते. शिवाय आज 'ओषधी' म्हटलं की मनात औषधच येतं.

लिहिताना शेवटचा 'यू' दीर्घ. दीपकाडीसारख्या वर्षानुवर्षं जगणाऱ्यांसाठीच्या 'बहुवर्षायू'तला 'हु' मात्र ऱ्हस्वच.