मिरगीवर अल्ट्रासाउंडचा उपचार येईपर्यंत थांबावं का?

भाऊ 26 वर्षांचा, डिचोलीत असतो, तीन गोळ्या चालू असूनही महिन्याला दोन-तीनदा फिट येते. डोकं न उघडता अल्ट्रासाउंडने मिरगी बरी करतात असं ऐकलंय, तर त्यासाठी थांबावं का, असं तुम्ही विचारलंय.

थांबू नका. मी डॉक्टर नाही, मडगावात ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, काढायचं काम करते, पण एवढं ठामपणे सांगते.

तुम्ही ऐकलंत ते खोटं नाही. डोक्यावर बसवलेल्या टोपातून हजारभर ध्वनिलहरी आत सोडतात. एकटी लहर काही करत नाही. सगळ्या एका जागी मिळाल्या की तिथलं तापमान 55-60 अंशांवर जातं आणि तेवढाच ठिपका जळतो. रुग्ण एमआरआयमध्ये जागा असतो. हातांच्या कंपासाठी अमेरिकेत 2016 मध्ये याला मंजुरी मिळाली. मिरगीसाठी मात्र अजून चाचण्याच चालू आहेत, त्याही मोजक्या रुग्णांवर. कारण कवटीतच आहे. लहरी मेंदूच्या मध्यभागी नीट जुळतात, कंपाचं केंद्र तिथेच असतं. मोठ्या माणसांची हट्टी मिरगी पुष्कळदा कानशिलामागच्या भागातून, हिप्पोकॅम्पसमधून उठते. ती जागा कवटीच्या तळाजवळ, बाजूला. तिथे पुरेशी उष्णता पोचत नाही, उलट हाडच तापायची भीती. म्हणून प्रयोग चाललेत ते जास्त करून मधोमध असलेल्या दोषांवर, उदाहरणार्थ हायपोथॅलॅमसमधल्या गाठींवर.

नेहमीची शस्त्रक्रिया मात्र आज हाताशी आहे, आणि तिच्याबद्दल लोक उगाच घाबरतात. 2001 साली कॅनडातल्या 80 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कानशिलाच्या मिरगीत शस्त्रक्रियेच्या गटातले 58 टक्के लोक वर्षभरानंतर शुद्ध हरपणाऱ्या फिट्सपासून मुक्त होते. नुसत्या औषधांवरचे 8 टक्के. योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसमध्ये घेऊनही फिट थांबत नसेल, तर मिरगी औषधांना दाद देत नाही असं धरतात. तुमचा भाऊ तिसऱ्यावर आहे.

शस्त्रक्रियेचा विचार करण्याआधी गोळ्या चुकत नाहीत ना, हे घरात नीट बघा. गणेश चवथीनंतर आमच्याकडे गर्दी वाढते ती रात्रीच्या जागरणांनी आणि राहून गेलेल्या गोळ्यांनी.

मग गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) न्यूरोलॉजी ओपीडीत जाऊन शस्त्रक्रियेची तपासणी करायची आहे असं स्पष्ट सांगा. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत मिरगीचा मोठा विभाग आहे, मडगावहून नेत्रावती एक्स्प्रेस थेट जाते. तिथे व्हिडिओ ईईजी होईल: दाखल करून, गोळ्या कमी करून, फिट येईपर्यंत कॅमेऱ्याखाली ठेवतात. फिट कुठून उठते ते त्यातच कळतं, आणि कधीकधी ती मिरगीच नव्हती हेही. गोव्याबाहेरचा उपचार राज्याच्या मेडिक्लेम योजनेत बसतो का, ते गोमेकॉतच विचारून घ्या.

तोवर पुढची फिट आली की एकाने भावाला कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये, आणि दुसऱ्याने मोबाइलवर व्हिडिओ काढावा. चेहरा आणि दोन्ही हात दिसायला हवेत. पाच मिनिटांत थांबली नाही तर शूटिंग सोडा, 108 ला फोन करा.