तीळ गायब, रंग गोरा: फोटोत टचअप किती चालतं?

प्रश्न: नमस्कार सर, ताईसाठी स्थळं बघायला लागलोय म्हणून इथल्याच, राजारामपुरीतल्या एका स्टुडिओत तिचा फोटो काढला. हातात आला तर हनुवटीवरचा तीळ गायब, नाक बारीक आणि आमची सावळी ताई एकदम गोरीपान. आई म्हणती लई छान आलाय, हाच पाठवायचा. ताई काहीच बोलत नाही. काय करावं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: आधी ताईंना विचारा, चेहरा त्यांचा आहे. माझं विचाराल तर हा फोटो पाठवू नका. पाहुणे कांदेपोह्याला येणार तेव्हा तीळ असणारच, रंगही तोच असणार, मग सगळे फोटो आणि माणूस ताडून बघत बसणार आणि ते ताईंनी का सोसायचं?

टचअप काय आजचं नाही हो. फोटोशॉप आलं १९९० ला, त्याच्या कितीतरी आधीपासून स्टुडिओत निगेटिव्हवर, म्हणजे काळं-पांढरं उलट दिसणाऱ्या फिल्मवर, टोकदार पेन्सिलीनं रिटचिंग चालायचं. सुरकुतीची रेघ निगेटिव्हवर पारदर्शक दिसते, तिथं बारीक पेन्सिल फिरवली की प्रिंटमध्ये ती फिकी पडते. त्यामुळं टचअपला माझा विरोध नाही. पिंपल, जागरणानं आलेली काळी वर्तुळं, उडालेले केस, म्हणजे पंधरा दिवसांत जाणारं असेल ते खुशाल काढा. तीळ, जुना व्रण, खळी याला हात लावायचा नाही. स्किन स्मूथ केलीच तर वेगळ्या लेयरवर, म्हणजे मूळ फोटोवरच्या वेगळ्या थरावर, आणि त्या थराची ओपॅसिटी (गडदपणा) इतकी कमी ठेवायची की गालावरची छिद्रं दिसली पाहिजेत.

आणि रंग? अजिबात नाही. गोरं करून दिलेला फोटो म्हणजे मुलीला तोंडावर सांगणं की तू आहेस तशी चालत नाहीस, मला याचा मनापासून राग येतो. ताई गप्प आहेत त्या बहुतेक यामुळंच.

नाकाचं म्हणाल तर ते बऱ्याचदा अंतरामुळं मोठं दिसतं, मोबाईल हातभर लांब धरून काढला की हमखास. कॅमेऱ्याला ८५ एमएमची, म्हणजे लांबून चेहरा जवळ आणणारी लेन्स लावून सहा-सात फुटांवरून काढा, नाक बारीक करायची वेळच येत नाही.

स्टुडिओकडं एडिट न केलेली फाइल मागा आणि फक्त पिंपल वगैरे काढून घ्या. नाही दिली तर घरीच काढा, ऊन थेट येत नाही अशा खिडकीशेजारी बसवून, पांढरा पातळ पडदा ओढून, दुसऱ्या बाजूला उजेड परतवायला थर्माकोलची शीट धरून. सावळ्या चेहऱ्यावर असा मऊ उजेड फार देखणा पडतो, आईंनाही तो फोटो दाखवा.