आत्याकडे पहिल्यांदाच झोपायला जायचंय, पाठवू का?

प्रश्न: ताई, माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. आम्ही इंदिरानगरला राहतो आणि माझी नणंद म्हसरूळला. तिची मुलगी सात वर्षांची, दोघींचं एकमेकींशिवाय पान हलत नाही. आता नाताळच्या सुट्टीत "मला दीदीकडे झोपायचंय" असा एकच घोषा चाललाय. दिवाळीत एकदा प्रयत्न केला होता, ती खेळात रमली म्हणून आम्ही गुपचूप निघून आलो, तर रात्री साडेअकराला नणंदेचा फोन, रडून रडून घर डोक्यावर घेतलंय, मग हे गाडी काढून गेले आणि घेऊन आले. सासूबाई म्हणतात रडली तर रडू दे, सवय लागेल. अजून एक म्हणजे ती आठवड्यातून एकदा-दोनदा अंथरूण ओलं करते, हे नणंदेला माहीत नाही, मला सांगायची लाज वाटते. काय करू?
एक आई, नाशिक

उत्तर: अगं पाठव की, ती स्वतः मागतेय. पण दिवाळीत जे झालं त्यात पोरीची चूक नव्हती, तुम्ही गुपचूप निघालात तिथे सगळं बिघडलं. आपल्याकडे सगळ्या घरात हेच करतात, "लक्ष नाहीये तोवर निघ", आणि मोठ्यांना वाटतं रडणं वाचलं. रडणं वाचत नाही गं, फक्त रात्रीवर जातं, आणि वर पोर हे शिकतं की आई कधीही न सांगता गायब होऊ शकते, मग पुढचे कितीतरी दिवस ते पदर सोडत नाही. यावेळी निघताना तिला जवळ घे, "मी आता घरी चालले, उद्या सकाळी पोहे खाऊन झाले की घ्यायला येते" असं सांग, घड्याळातले नऊ तिला कळणार नाहीत पण पोहे कळतात. रडली तरी चालेल, दोन मिनिटं थांब आणि सांगूनच नीघ.

सासूबाईंचं मन राखून एवढंच म्हणेन की रडू दे हे मला अजिबात पटत नाही. रात्री आई हवी म्हणाली तर फोन लावून द्यायचा आणि तरी नाहीच थांबली तर आणायला जायचं, हे तिला आधीच सांगून ठेव. थंडीत बारा वाजता गोदावरी ओलांडून म्हसरूळला गाडी काढायची म्हणजे जिवावर येणार, कबूल, पण सांगितलंय तर जायचंच, आणि घरी आणल्यावर "बघ, राहिली नाहीस ना" असं कोणीही म्हणायचं नाही.

आता अंथरुणाचं. पाच वर्षांपर्यंत हे इतकं सर्रास असतं की डॉक्टरही त्याला आजार म्हणत नाहीत, बऱ्याच मुलांचं त्यानंतरही काही वर्षं चालतं. मूल झोपेत मुद्दाम करत नाही, लघवी भरल्याचा निरोप मिळून जाग येण्याइतकी तयारी अजून झालेली नसते. (सहा महिने पूर्ण कोरडं असलेलं मूल पुन्हा ओलं करायला लागलं तर मात्र डॉक्टरांना दाखव.) नणंदेला आजच फोन करून मोकळेपणाने सांग. ती पण आई आहे, तिला कळेल. आणि तिला न सांगता पाठवलंस आणि रात्री गादी भिजली तर पोरगी दीदीसमोर ओशाळेल, ते मला तुझ्या लाजेपेक्षा फार मोठं वाटतं. रबरी शीट आणि दोन जास्तीच्या चड्ड्या-पायजमे दे, झोपायच्या आधी बाथरूमला न्यायला सांग, रात्री तिकडचा लाईट चालू ठेवायला सांग, आणि काही झालंच तर दीदीला कळू न देता बदलायचं.

घरची तिची रोजची गोधडी दे बरोबर, धुवू नकोस, तुझा वास असू दे तिला. झोपायची वेळही घरचीच ठेवायला सांग, दोघी अकरापर्यंत दंगा करत बसल्या की दमून रडारड ठरलेली, या वयाला दिवसातून दहा ते तेरा तास झोप लागते.

सकाळी पोहे म्हणालीस ना, मग पोह्यांच्या वेळेला दारात हजर राहा. नाही यायचं म्हणाली तर नणंदेकडे चहा घे, बस जरा.