मालती, सुमन आणि जाई

प्रश्न असा आला आहे: घरात मुलगी झाली आहे. पणजीचं नाव मालती होतं, तेच बाळाला ठेवावं असं आजोबांच्या मनात आहे. बाळाच्या आईला ते फार जुनं वाटतं. तर मालतीचा नेमका अर्थ काय? ते 'माला'वरून आलंय का, की मधुमालतीच्या वेलीवरून? आणि एके काळी आळीत दोन-तीन तरी मालती असायच्या, त्या आता दिसत का नाहीत?

दिसतात की. फक्त त्यांना आता जाई म्हणतात.

हे कोटी म्हणून म्हणत नाही. अमरसिंहाच्या अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशातल्या वनौषधिवर्गात एक ओळ आहे: 'सुमना मालती जातिः सप्तला नवमालिका'. यातले शेवटचे दोन शब्द वेगळ्या वेलीचे. पहिले तीन मात्र एकाच वेलीची नावं आहेत. सुमना म्हणजेच मालती, मालती म्हणजेच जाती, आणि ही 'जाती' म्हणजे आपली जाई. जातिवाचक जात इथं डोक्यात आणायची नाही. उच्चार सारखा, एवढंच. (तसा घोळ होतो म्हणूनच बहुधा कोणी मुलीचं नाव 'जाती' ठेवलं नसावं!) 'जायफळ' आणि 'जायपत्री' यांतलं 'जाय'ही याच 'जाती'चं झिजलेलं रूप. संस्कृतात हा शब्द जाईच्या वेलीला लावत, तसाच जायफळालाही.

'जाती'ची 'जाई' कशी झाली हे मराठीत वेगळं समजावावं लागत नाही. दोन स्वरांमधला 'त' प्राकृतात गळतो. 'माता'ची माय झाली, 'घाता'चा घाय आणि पुढं घाव झाला, 'शता'चं शे झालं. त्याच चालीनं जाती–जाई. मग मालतीचं काय व्हायला हवं होतं? 'मालई'. आणि ते झालंही होतं! पैठणच्या सातवाहनांतल्या हाल राजाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत, म्हणजे आपल्या महाराष्ट्री प्राकृतात, हे रूप आहे. एक गाथा तर फार प्रसिद्ध आहे: मालईच्या कळीचा कोश जरासा उमलायच्या आतच मधाला हपापलेला भुंगा तिला चुरगाळायला लागतो. पण 'मालई' काही मराठीत टिकली नाही. वेलीला लोक जाई म्हणत राहिले, आणि मालती संस्कृत काव्यातून जशीच्या तशी, 'त'सकट, मुलींच्या नावात आली. एक घरची, दुसरी पोथीतली, पण फूल तेच.

आता तुमच्या दोन शंका. 'माला'वरून आलं ते मालिनी. मालती हे कोशात थेट फुलाचंच नाव आहे. कुमारिका, चांदणं, रात्र असे अर्थही कोशकार देतात आणि ते फुलाला शोभतातही, कारण जाई संध्याकाळकडे उमलते. मधुमालतीचा गोंधळ मात्र फार जणांचा होतो. सोसायटीच्या फाटकावर जी चढवलेली असते, संध्याकाळी पांढरी उमलून दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि मग लाल होते, ती मधुमालती. इंग्रजीत तिला रंगून क्रीपर म्हणतात. जाईच्या कुळाशी तिचा काही संबंध नाही. जाई ओळखायची तर न उमललेली कळी हातात घ्या. ती बाहेरून गुलाबी-जांभळट असते. उमलल्यावर पाकळ्या वरून पांढऱ्याशुभ्र, पण उलटून पाहिलं की पाठीवर तीच गुलाबी झाक. जुई लहान आणि आतबाहेर पांढरी. (ती 'यूथिके'ची लेक, तिचा या घराण्याशी फक्त शेजार.) हिंदीतली चमेली म्हणजेही जाईच.

काव्यात ही वेल पावसाळ्याची. मेघदूतात यक्ष ढगाला सांगतो की माझ्या प्रियेला तुझ्या जलकणांनी गार झालेल्या वाऱ्यानं जागं कर, 'सममभिनवैर्जालकैर्मालतीनाम्', मालतीच्या नव्या कळ्यांबरोबरच. कळ्या आणि बाई एकाच झुळकीनं जागी होते! बागेत जाई असेल त्यांना हे वेगळं सांगायला नको. पावसाच्या दिवसांत तिला बहर येतो.

पण नाव म्हणून मालती ठसली ती संस्कृत नाटककार भवभूतीमुळे, असं मला वाटतं. त्याचं 'मालतीमाधव' हे दहा अंकी नाटक आठव्या शतकातलं. मालती ही पद्मावती नगरीच्या राजाच्या अमात्याची मुलगी, आणि माधव विदर्भाच्या अमात्याचा मुलगा. राजाला तिचं लग्न आपल्या मर्जीतल्या नंदनाशी लावून द्यायचंय. मध्येच अघोरघंट नावाचा कापालिक, म्हणजे कवटी बाळगणारा तांत्रिक, तिला चामुंडेपुढे बळी द्यायला निघतो आणि माधव तिला सोडवतो. गंमत म्हणजे मालतीच्या या नाटकात पहिल्या भेटीत जी माळ गाजते ती जाईची नाही, बकुळीची आहे. भवभूती स्वतः पद्मपुरचा, म्हणजे विदर्भातलाच. रा. गो. भांडारकरांनी हे नाटक टीकेसह 1876 साली मुंबईत संपादून छापलं, तेव्हापासून कॉलेजात संस्कृत घेणाऱ्या पिढ्यांच्या हाती ते येत राहिलं.

आणि हीच शिकलेली मुलं पुढं लग्नाला उभी राहिली, तेव्हा बायकोचं नाव ठरवायचा मान त्यांचा होता! ताटात तांदूळ पसरायचे आणि अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं. माहेरची ठकी, चिमी, बयो, गोदी तिथं संपायची आणि मालती, शकुंतला, इंदुमती सुरू व्हायची. माझं मत असं की जुन्या पिढीत मालती नावाच्या इतक्या बायका भेटत, त्यांतल्या बऱ्याच जणी जन्मानं मालती नव्हत्याच. लेखिका मालतीबाई बेडेकरांचंच पाहा. माहेरच्या बाळूताई खरे, लिहिताना विभावरी शिरूरकर, आणि 1938 साली विश्राम बेडेकरांशी लग्न झाल्यावर मालती बेडेकर.

आमच्या घरातलं उदाहरण तर याहून मजेचं आहे. माझ्या मोठ्या आत्याच्या लग्नातल्या पितळी डब्यावर टिंबाटिंबांनी कोरलंय 'चि. सुमन हिस'. तिच्या सासरच्या सगळ्या भांड्यांवर 'सौ. मालती'. यजमानांनी मोठ्या हौसेनं नाव बदललं, आणि अमरसिंहाच्या हिशेबानं काहीच बदललं नाही. सुमना आणि मालती एकच! हे मी तिला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, 'मग बदललं कशाला रे?' तो डबा अजून आहे. तळाशी पितळ झिजलंय, पण 'सुमन' नीट वाचता येतं.

सुमनचा अर्थ आता लोक 'चांगलं मन' किंवा 'फूल' एवढाच सांगतात. चूक नाही ते. 'सुमनसः' म्हणजे फुलं हेही अमरकोशातच आहे. फक्त 'सुमना' म्हणजे जाई हे मागं पडलं.

मालती मागे का पडली? पुढं शाळेत घातलेली माहेरचीच नावं लग्नानंतरही राहू लागली, लग्नात नाव बदलायची चाल विरळ झाली, म्हणजे मालतीचा मोठा पुरवठाच आटला. शिवाय एक पिढी मालतीकाकू, मालतीमावशी अशी हाक मारत वाढली. तिला पाळण्यातल्या बाळाला ते नाव लावणं जड जाणारच. नंतर हवा उलटी फिरली. भारदस्त संस्कृत नावांऐवजी सई, सायली, जाई, जुई अशी दोन-तीन अक्षरी, घरगुती नावं आवडायला लागली. आमच्या आजीच्या काळी 'जाई' हे वेलीला शोभणारं नाव होतं, मुलीला नव्हे.

तेव्हा माझं सांगणं असं की बाळाचं नाव जाई ठेवा आणि आजोबांना अमरकोशातली ओळ दाखवा. पणजीचंच नाव ठेवलं आहे. मालतीच ठेवणार असाल तरी उत्तम, मला स्वतःला ते तीन अक्षरी नाव जास्त आवडतं, मधल्या 'ल'मुळे. मालू, माला अशी लाडाची रूपं आयती मिळतात. इंग्रजीत लिहिताना 'त'साठी नुसता 'टी' ठेवा. तमिळ-तेलुगूकडे 'टीएच' लिहायची पद्धत आहे, आणि आपल्याकडच्या बँकेत ती वाचून कोणीतरी 'मालथीताई' अशी हाक मारणारच.

एकच अडचण, तीही पत्रिकेवरून नाव ठेवणाऱ्यांना. 'मा' मघा नक्षत्रात जातो, म्हणजे सिंह रास. 'सु' शततारकेचा, कुंभ. आणि 'जा' उत्तराषाढेत, मकर. फूल एक, राशी तीन. अक्षर कोणतं निघालंय ते कळवा, मग बोलू.